टळलेल्या चुकीपासून सुरुवात करा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी 44 वर्षांची नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. शिक्षण संपल्यावर एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात काही वर्षे काम केले. दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर रात्रपाळ्या जमेनात, म्हणून नोकरी सोडली. मुले थोडी मोठी झाली तोच सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि परत जाण्याचा विचार मागे पडला. सध्या मी घराजवळच्या एका औषधांच्या दुकानात दुपारी आणि संध्याकाळी काम करते. आता जुन्या विभागाने क्लिनिकल फार्मासिस्ट (वॉर्डात रुग्णांच्या औषधोपचारावर लक्ष ठेवणारा) म्हणून येता का, अशी विचारणा केली आहे. पाळ्या फिरत्या आहेत. पती ‘अवश्य जा’ म्हणतात, पण सासूबाईंची 9 औषधे मला एकटीलाच ठाऊक आहेत आणि त्या दुसऱ्या कोणाच्या हातून गोळी घेत नाहीत. माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणी आज विभागप्रमुख आहेत. घरासाठी मी माझे करिअर वाया घालवले का, आणि आता उशीर झाला आहे का, हे स्पष्टपणे सांगावे. जाता जाता एक गोष्ट लिहिते. सासूबाईंच्या आजारपणात रात्रभर जागून दुकानात गेले होते, तेव्हा मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ऐवजी ‘रोज एक’ असे लिहून गेले. पाकीट रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी लक्षात आले, त्यामुळे काही अपाय झाला नाही. हे मी कोणालाच सांगितलेले नाही.

उत्तर

आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि एक गोष्ट जाता जाता सांगितली आहे. माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर त्या शेवटच्या चार ओळींत आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो.

संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेचे काम मंदावते, तोंडात व्रण येतात, रक्तपेशी घटतात आणि रुग्ण दगावूही शकतो. याच एका चुकीमुळे अनेक देशांत मृत्यू झालेले आहेत. हे आपल्याला माझ्याइतकेच माहीत आहे, आणि म्हणूनच ही चूक अज्ञानाची नव्हती. काउंटरवरून जाणाऱ्या बहुतेक गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे थकलेला मेंदू विचार न करता सवयीने ‘रोज’ असेच लिहून टाकतो. सलग 17 ते 19 तास जागे राहिलेल्या माणसाची कामातील अचूकता आणि प्रतिसादाचा वेग रक्तात 0.05 टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतका किंवा त्याहूनही खाली घसरतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तेवढ्या मद्यांशाने वाहन चालवणे अनेक देशांत गुन्हा ठरते. आपण त्या दिवशी रात्रभर जागून कामावर गेला होतात, म्हणजे आपले जागरण याहूनही मोठे होते.

ही गोष्ट या आठवड्यातच दुकानाच्या मालकांना सांगा. आपण दोषी आहात म्हणून नव्हे. जी चूक आपल्या हातून होता होता टळली, तीच उद्या तेथे काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातून घडू शकते आणि त्या वेळी ती वेळेत लक्षात येईलच याची खात्री देता येत नाही. सांगताना उपायही सुचवा. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर वाराचे नाव लिहायचे, म्हणजे ‘दर सोमवारी’ असे. औषध कशासाठी आहे तेही लिहायचे. एका वेळी 4 आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या द्यायच्या नाहीत. शक्य असेल तर दुकानात 2.5 मिलिग्रॅमचीच गोळी ठेवायची, कारण 10 मिलिग्रॅमची गोळी शेजारी असली की गफलतीची आणखी एक वाट उघडते. आणि पाकीट देताना रुग्णालाच विचारायचे, ‘ही गोळी आपण कोणत्या वारी घेणार?’ रुग्णाने वार सांगितला की तपासणी पूर्ण झाली. नावांत साम्य असलेल्या औषधांसाठीही अशीच दुहेरी तपासणी लावून घेता येईल. रक्तदाबाचे हायड्रॅलाझिन आणि खाज कमी करणारे हायड्रॉक्सिझिन जवळजवळच्या खणांत ठेवलेले असतील, तर ते आजच वेगळे करून घ्या.

या घटनेवर मी इतका रेंगाळलो, कारण आपल्या उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला येथूनच मिळतात. फार्मासिस्ट समाजाला जे देतो ते मुख्यतः अवधान असते. औषध कारखान्यात तयार होते, चिठ्ठी डॉक्टर लिहितात; त्या दोहोंच्या मध्ये उभे राहून ‘या माणसाला, या मात्रेत, या इतर औषधांसोबत हे चालेल का’ असा विचार करणारे जागे मन ही आपली भर असते. घरातही आपण नेमके हेच देत आहात. त्यामुळे घर आणि करिअर यांना समोरासमोर उभे करून कोणाला किती तास दिले याचा हिशेब मांडला, तर खरी अडचण नजरेआडच राहते. दोन्हीकडे खर्च होणारे अवधान एकाच झोपेतून येते, आणि ती झोप आपल्याला पुरत नाही. कोणतीही नोकरी स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी हा हिशेब आधी मांडावा लागेल.

आता आपला पहिला प्रश्न. करिअर वाया गेले का? नाही, आणि हे मी आपले मन राखण्यासाठी म्हणत नाही. हेपलर आणि स्ट्रँड या अमेरिकी प्राध्यापकांनी 1990 मध्ये फार्मास्युटिकल केअरची जी मांडणी केली, तिचा गाभा असा होता की औषध हाती दिले म्हणजे फार्मासिस्टचे काम संपत नाही. त्या औषधाने रुग्णाचे जगणे खरोखर सुधारले का, ही जबाबदारीही त्याचीच असते. वॉर्डात काम करणाऱ्या फार्मासिस्टला रुग्ण काही दिवस दिसतो आणि डिस्चार्जच्या कागदावर सही झाली की नजरेआड होतो. पुढे काय होते, हे आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. पक्षाघातानंतर गिळता येत नाही म्हणून घरचे लोक गोळ्या कुटून देतात आणि त्यांत हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळीही कुटली जाते, मग दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. गुडघा दुखतो म्हणून एखादा पाहुणा प्रेमाने आयबुप्रोफेन देतो आणि ते रक्ताची गुठळी रोखण्यासाठी चालू असलेल्या ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणते, शिवाय रक्तस्रावाचा धोका वाढवते. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या रुग्णाला आम्लपित्तासाठी कोणीतरी ओमेप्राझोल सुरू करून देतो आणि क्लोपिडोग्रेलचा प्रभाव कमी होतो. ही उदाहरणे पाठ्यपुस्तकात असतात, पण ती घरात घडताना ओळखणे आणि कोणाचे मन न दुखावता थांबवणे हे कौशल्य पुस्तकातून येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा तीन गोष्टींवर भर दिला होता: जास्त धोक्याची औषधे व प्रसंग, एकाच रुग्णाला चालू असलेली अनेक औषधे आणि रुग्ण रुग्णालयातून घरी किंवा एका विभागातून दुसऱ्या विभागात जातानाचा काळ. या तिन्ही गोष्टी आपल्या घरात एकत्र नांदत आहेत. हा अनुभव आपल्या मैत्रिणींपैकी फार थोड्यांकडे असेल.

तरीही एक गोष्ट आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. घरी मिळालेल्या अनुभवाने सगळी तूट भरून निघत नाही. अतिदक्षता विभागातील शिरेवाटे चालणारी औषधे, रक्तातील पातळी मोजून ठरवायच्या प्रतिजैविकांच्या मात्रा, डॉक्टरांच्या फेरीत उभे राहून दोन मिनिटांत ठाम मत देण्याची सवय, हे सगळे वॉर्डातच घडते आणि त्या वर्षांत आपण तेथे नव्हता. पदोन्नती आणि पगारातील वाढही मागे राहिली. ही हानी खरी आहे आणि तिचे दुःख वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी ‘घरासाठी केले, मग वाईट कसे वाटते’ असा दोष स्वतःला देऊ नका. योग्य निर्णयाचीही किंमत मोजावी लागते. मैत्रिणींच्या पदांविषयी मात्र मी एवढेच म्हणेन की त्यांच्या घरची परिस्थिती आपल्याला पूर्णपणे ठाऊक नाही, तेव्हा ती तुलना बाजूला ठेवावी.

उशीर झाला आहे का, याचे उत्तरही नाही असेच आहे, पण अभ्यास करावा लागेल. आपण रुग्णालय सोडल्यानंतर रक्त गोठू न देणाऱ्या औषधांचे चित्र पालटले. पूर्वी वॉरफरिन आणि त्याच्या रक्तचाचण्या हा आपला रोजचा विषय असे. 2010 च्या सुमारास डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन आणि अपिक्साबॅन वापरात आली आणि अनेक रुग्णांमध्ये त्यांनी वॉरफरिनची जागा घेतली. मधुमेहासाठी आलेले डॅपाग्लिफ्लोझिन आता हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या विकारांतही, मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही, दिले जाते. पण पाया हललेला नाही. मूत्रपिंडाची क्षमता काढण्यासाठी आपण ज्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रावर मान मोडून गणिते केली असतील, ते 1976 चे सूत्र या नव्या गोळ्यांच्या मात्रा ठरवतानाही लागते. वय, वजन आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पाहून मात्रेवर बोट ठेवण्याची सवय ज्याला आहे, त्याला नवी नावे शिकणे अवघड जात नाही.

अभ्यासाची सुरुवात सगळा औषधकोश उघडून करू नका, तसे करणारा माणूस पहिल्याच महिन्यात दमतो. ज्या वॉर्डात नेमणूक होणार आहे, तेथे सर्वाधिक वापरली जाणारी औषधे विचारून घ्या आणि तेवढीच नीट वाचा. दुसरा अभ्यास घरातच आहे. वृद्धांना कोणती औषधे शक्यतो टाळावीत याचे बीअर्स निकष 1991 मध्ये प्रथम मांडले गेले आणि त्यांची 2023 ची सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे. ते समोर ठेवून सासूबाईंची यादी एखाद्या अनोळखी रुग्णाची असावी तशी वाचा, शंका लिहून काढा आणि त्या घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. स्वतः मात्र एकही गोळी कमी-जास्त करू नका. रक्तदाबाची काही औषधे, विशेषतः क्लोनिडिन आणि बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या, अचानक थांबवल्यास काय होते हे आपल्याला सांगायला नको. शिवाय आपल्या माणसाच्या बाबतीत आपला निर्णय भीतीने किंवा मायेने कलतो, आणि तो कलला आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

येथे मी सासूबाईंच्या प्रश्नाकडे येतो, आणि थोडे कठोरपणे लिहितो. 9 औषधे एकाच व्यक्तीला पाठ असणे याला आपण आज सेवा म्हणता. हीच स्थिती आपण वॉर्डात पाहिली असती, तर तिला धोका म्हटले असते आणि त्याच दिवशी दूर केली असती. आपल्याला उद्या ताप आला, प्रवासात अडकावे लागले, तर त्या रात्री काय होईल? नवीन नोकरी घेतली नाही तरी ही व्यवस्था बदलावी लागेल.

एक तक्ता करा. त्यात प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ, जेवणाआधी की नंतर, कशासाठी आहे, कोणी सुरू केले आणि शेवटचा बदल कधी झाला, हे असावे. कोणती गोळी कुटायची नाही, हे ठळक लिहावे. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हेही हवे. बहुतेक घरांत नेमके हेच लिहिलेले नसते आणि मग पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम दिल्या जातात. आठवड्याची डबी वापरणार असाल तर आपल्याला हे माहीतच आहे, पण पतींना माहीत नसेल: फिट्सवरचे सोडियम व्हॅल्प्रोएट आणि डॅबिगॅट्रान यांसारखी काही औषधे हवेतील ओलाव्याने बिघडतात, ती मूळ पाकिटातच राहिली पाहिजेत. तक्ता औषधांपाशी ठेवा, त्यावर तारीख लिहा आणि बदल झाला की जुना कागद फाडून टाका. दोन तक्ते घरात असणे हे एकही नसण्यापेक्षा वाईट असते.

त्यानंतर एक आठवडा पतींनी औषधे द्यावीत आणि आपण फक्त पाहावे. त्यांनी नाव मोठ्याने वाचावे, तक्त्यावर बोट ठेवावे, गोळी द्यावी आणि खूण करावी. त्यांच्या हातून एखादी गोष्ट राहून गेली तर लगेच पुढे होऊन स्वतः करू नका, सांगा आणि त्यांनाच करू द्या. पुढच्या आठवड्यात औषधाच्या वेळी आपण घराबाहेर राहा. ‘अवश्य जा’ म्हणणाऱ्या पतींचा पाठिंबा मला मनापासून मोलाचा वाटतो, परंतु त्या पाठिंब्यात आईची सकाळची औषधे आणि काही रात्रींचे जागरण येते का, हे त्यांच्याशी आताच स्पष्ट बोलून घ्या. सासूबाई दुसऱ्या कोणाच्या हातून गोळी घेत नाहीत, असे आपण लिहिता. पक्षाघाताने शरीरावरचा ताबा गेलेल्या माणसाला एका ओळखीच्या हाताचा आधार वाटतो, त्यात हट्ट कमी आणि भीती जास्त असते. म्हणून पहिले काही दिवस आपण शेजारी बसा, त्यांच्याशी बोलत राहा आणि गोळी मात्र मुलाच्या हातून जाऊ द्या. मुलाच्या हातावर त्यांचा विश्वास बसेल, असे मला वाटते. फक्त त्याला तशी संधी मिळायला हवी. डॉक्टरांना हेही विचारा की औषधांच्या वेळा कमी करता येतील का. दिवसातून चार वेळांऐवजी दोन किंवा तीन वेळा आल्या, तर संपूर्ण घराला विसावा मिळेल.

आपण लिहिलेले नाही, पण घरात फार्मासिस्ट असला की अनेकदा होते ते असे: नातेवाईक वेळी-अवेळी फोन करून ‘कोणती गोळी घेऊ’ असे विचारतात. आपल्याकडेही असे असेल तर एक ठरावीक वेळ सांगा आणि वजन, इतर आजार, चालू औषधे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका. घाईत, स्वयंपाकघरात उभ्याने दिलेला सल्लाही शेवटी आपलाच सल्ला असतो.

नोकरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. विचारणा स्वीकारा, पण सुरुवातीचे 6 महिने दिवसपाळीच्या अटीवर. जुन्या विभागाने स्वतःहून बोलावले आहे, याचा अर्थ त्यांना आपले काम आठवते. तेव्हा अट मांडताना संकोच करू नका. या 6 महिन्यांत कोणाच्या देखरेखीखाली काम करायचे, हे लेखी मागा. पुढे फिरत्या पाळ्या येणार असतील तर त्या सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा क्रमाने पुढे सरकतात की उलट्या, सलग किती रात्री येतात आणि रात्रपाळीनंतर किती तासांची सुटी मिळते, हे विचारा. पुढे सरकणाऱ्या पाळ्या शरीराला तुलनेने सोप्या जातात. दुकानातील काम मात्र त्याच वेळी सोडून द्या. ‘थोडे दिवस दोन्ही करू’ हा विचार, आपल्या पत्रातील त्या घटनेनंतर, मी सुचवू शकत नाही.

त्यांनी दिवसपाळी नाकारली तर ही विचारणा नम्रपणे परत करा आणि त्याच रुग्णालयात औषध माहिती केंद्र किंवा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा विभाग आहे का, याची चौकशी करा. थॅलिडोमाइडमुळे जगभर हजारो बाळे व्यंग घेऊन जन्मली आणि 1961 च्या अखेरीस ते बाजारातून काढून घ्यावे लागले. त्यानंतर दुष्परिणामांवर पद्धतशीर नजर ठेवण्याचे काम उभे राहिले आणि 1968 पासून जागतिक आरोग्य संघटना ते चालवते. या कामाला बारकाईने वाचणारी आणि रुग्णाचे बोलणे ऐकून घेणारी माणसे लागतात, आणि ते बहुधा दिवसाच चालते. आपल्यासारख्या व्यक्तीला ते शोभेल.

अर्जात मधली वर्षे ‘कौटुंबिक कारणास्तव खंड’ एवढ्याच शब्दांत संपवू नका. पक्षाघातानंतर 9 औषधे चालू असलेल्या रुग्णाच्या घरच्या औषधोपचाराची संपूर्ण जबाबदारी सांभाळली, असे लिहा. दुकानातील समुपदेशनाचे काम लिहा. आणि मेथोट्रेक्सेटच्या पाकिटांवर वार लिहिण्याची पद्धत तोपर्यंत दुकानात सुरू झाली असेल, तर तीही लिहा. मुलाखतीत त्याविषयी विचारले गेले, तर ती पद्धत का सुरू करावी लागली हे जसे घडले तसे सांगा.